माहिती देणाऱ्याचे नाव

दिघा
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. सोनम हिस,

जयभीम.

तुझा पत्ता शेजारच्या जाईने दिला. देताना तिने दोन अटी घातल्या. तुझ्या दारात यायचं नाही आणि फोन करायचा नाही. पत्र टाकायला हरकत नाही, वाचायचं की नाही ते तू बघशील, असं ती म्हणाली. म्हणून लिहीत आहे.

तुझी आई बुधवारी, ५ तारखेला सकाळी गेली. जाईने तुला कळवलंच आहे. आदल्या दिवशी ती छातीत जळजळतंय म्हणत होती. मी तिला सोडा घ्यायला सांगितलं. सकाळी घाम फुटला तेव्हा दवाखान्यात नेलं, पण पावणेआठला डॉक्टर बाहेर आले. दुपारी तीन वाजता स्मशानभूमीत अंत्यविधी झाला. विधी मीच केला. तुला वेळेत पोचता आलं नसावं असं मी धरून चालतो.

जलदान विधी व शोकसभा रविवारी १६ तारखेला सकाळी अकरा वाजता समाजमंदिरात ठेवली आहे. अध्यक्षस्थानी देवजी असतील. ते तुझे सासरे आहेत हे मला कळतं, पण गावच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांना टाळता येत नाही. तू नातीला, ऋताला, घेऊन आलीस तर पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवतो. कुणी काही बोलणार नाही याची काळजी घेईन.

मला वाटत होतं तू नाशिकला आहेस. पत्ता निघाला सारसोळ्याचा, म्हणजे इथून पाऊण तास. जाई म्हणाली, तुझी आई एकाआड एक गुरुवारी तुझ्याकडे यायची. मला ती महिला मंडळाची बैठक म्हणून सांगायची. मंडळाची बैठक गुरुवारी नसते हे मला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही.

तब्येतीला जप.

बाबा


मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. सोनम,

सोबत एक कागद जोडला आहे. तो तुला ओळखू येईल. लहानपणी त्याच्या झेरॉक्स काढायला मी तुलाच पाठवायचो. जीवन परिचयाचा फॉर्म. ज्या घरी विधी असेल तिथे मी दोन दिवस आधी जातो, बसतो, विचारून तो भरतो. कालकथिताचे नाव, जन्म, मूळ गाव, नोकरी, सामाजिक कार्य, स्वभाव, आवडनिवड. तळाला माहिती देणाऱ्याचे नाव व सही. त्यावरून पानभर मजकूर तयार करायचा आणि शोकसभेत उभं राहून वाचायचा. मी कंपनीत टाइम ऑफिसला, हजेरीच्या नोंदी ठेवायला होतो, त्यामुळे रकान्यांची सवय. बौद्धाचार्य म्हणून बावीस वर्षं झाली. सिताराम वाचतात तेव्हा माणूस समोर उभा राहतो, असं लोक म्हणतात.

काल तुझ्या आईचा फॉर्म घेऊन बसलो. माहिती देणारा मीच. नाव, गाव, बालवाडीतली नोकरी लिहिली. जन्मतारखेपाशी थांबलो. आधार कार्डावर १ जून आहे, पण ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. गावात मोठा पूर आला त्यानंतर आठवड्याने मी झाले, असं ती सांगायची. कोणत्या वर्षीचा पूर ते तिने सांगितलं होतं. मी लक्षात ठेवलं नाही. आवडनिवडीच्या रकान्यात भजन लिहिलं, मग खोडलं. तिला भजन आवडायचं की मला आवडायचं म्हणून ती बसायची, हे ठरवता येईना.

शेवटी जाईकडे गेलो. ती भाकऱ्या थापत होती.

"जाई, गिरजेला खायला काय आवडायचं?"

"भावजी, हे तुमी मला इचारता?"

"फॉर्मात लिहायचंय."

"मग लिवा, उरलेलं आवडायचं. तुमचं वाढून झालं की राहील ते ती खायची."

मी पेनाचं टोपण लावलं. मग तीच जरा हसली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "रागावू नका. कैरी घालून केलेली सुकट आवडायची तिला. तुमाला वासानं मळमळतं ना, म्हणून माझ्याकडं येऊन खायची. इथं, ह्या पाटावर बसून."

सुकटीचा वास मला चालत नाही हे खरं आहे. चौतीस वर्षांत मी घरात करू नको असं एकदाच म्हणालो असेन.

ज्या जागा रिकाम्या आहेत तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. तेवढ्या भरून पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं आहे. तुझं नाव कुठे येणार नाही.

बाबा


गुरुवार, १३ नोव्हेंबर

चि. सोनम,

फॉर्म पाठवू नकोस. त्याची गरज उरलेली नाही. का, ते लिहितो.

सकाळी जाई स्वतःहून आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"भावजी, एक सांगायचं होतं. रविवारी गिरजाचं तुमी वाचू नका."

"म्हणजे?"

"ती बोलली होती मला. मे महिन्याच्या सुट्टीत आमी दोघी गच्चीवर मिरच्या राखत बसलेलो. मी मस्करीत बोलले, तुझं बरं हाय बाई, बौद्धाचार्य घरातच, कोनाला बोलवायला नको. तर ती बोलली, माझं ह्यांनी वाचायचं नाय. कोनीच नाय वाचलं तरी चालंल."

"का, ते बोलली?"

"ते तुमाला ठावं हाय," असं म्हणून ती गेली.

मला ठाऊक आहे. तुलाही आहे. पण ते मी कधी कुणापुढे बोललेलो नाही, म्हणून एकदा क्रमाने लिहितो.

अश्विनशी लग्न झाल्यावर तू दोनदा घरी आलीस. पहिल्यांदा ओठ फुटला होता. दुसऱ्यांदा ऋता पोटात होती आणि तुझा हात वर होत नव्हता. दोन्ही वेळा मी तुला परत नेऊन सोडलं. दोन्ही वेळा देवजींच्या घरी बसून चहा प्यायलो. तो दारू पितो, शुद्धीवर आला की बरा असतो, असं मी तुझ्या आईला सांगितलं. तिने तेव्हा दोन दिवस स्वयंपाक केला, पण माझ्याशी बोलली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तो तुला मारून, पिऊन गाडीवर निघाला आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर अपघातात गेला. शोकसभेचा फॉर्म देवजींनी भरून दिला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी मजकूर लिहीत असताना तू खोलीत आलीस. माझ्या खांद्यावरून वाचलंस.

"बाबा, ते 'आदर्श पती' तेवढं काढा."

"अगं, ते सगळ्यांच्यात असतं. त्याला काही अर्थ नसतो."

"अर्थ नसतो तर काढायला काय जातं?"

"देवजींनी लिहून दिलंय."

"मग मी लिहून देते."

मी म्हणालो, माहिती घरातल्या कर्त्या माणसाने द्यायची असते. तू बाहेर गेलीस. आजपर्यंत तुझं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी चारशेच्या वर माणूस होता. मी नेहमीप्रमाणे सर्वांना पंचशील दिलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तू पुढच्या रांगेत हात जोडून माझ्यामागे म्हणत होतीस. त्यानंतर दहाच मिनिटांनी मी वाचलं, अश्विन हे आदर्श पती व प्रेमळ पिता होते. मग देवजी बोलायला उठले. घरात सुख नव्हतं म्हणून पोरगा त्या दिवशी गाडी घेऊन निघाला, असं ते म्हणाले. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. नवरा आदर्श होता हे मी सांगून ठेवलंच होतं, तेव्हा दोष कुणाचा हे त्यांनी सांगायची गरजही नव्हती. माझ्या वाक्याचा तो उपयोग मला बऱ्याच उशिरा कळला. तुझ्या आईला तिथेच बसल्या जागी कळला होता. तेव्हापासून ती माझ्या एकाही विधीला आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची.

आज दुपारी मी जुन्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. माहिती देणाऱ्याच्या जागी मुलगा, भाऊ, पुतण्या, सासरे, व्याही. बायकोचं नाव चार ठिकाणी सापडलं. त्या चारही घरांत दुसरं कुणी पुरुषमाणूस नव्हतं.

आणखी एक आहे. हे लिहायचं की नाही असा विचार करत दोन वेळा पेन खाली ठेवलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुला वेळेत पोचता आलं नसावं. ते खोटं आहे. मी तुला पाहिलं. तू स्मशानाच्या फाटकापाशी रिक्षातून उतरलीस. ऋताच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं. तू आत यायला निघालीस आणि देवजी व त्यांचे लोक पुढे उभे दिसले तशी थांबलीस. माझा परित्राण पाठ चालू होता. पाठ थांबवता येतो, सोनम. मी थांबवला आहे. एका वारलेल्या बाईंचा मुलगा येताना खोपोलीला गाडीत अडकला होता, त्याच्यासाठी मी सगळ्यांना पाऊण तास उभं ठेवलं होतं. आईचं तोंड बघितल्याशिवाय कसं चालेल, असं मीच लोकांना समजावलं होतं. त्या दिवशी मी थांबलो नाही. देवजी शेजारी होते, तू आत आलीस तर काहीतरी होईल असं वाटलं. मी आवाज थोडा चढवला आणि पुढे म्हणत राहिलो. अग्नी दिल्यावर मान वर केली तेव्हा फाटकात कुणी नव्हतं.

रविवारी विधी ऐरोलीचे बौद्धाचार्य नामा करतील. मी घरच्यांत बसेन. तुझ्या आईबद्दल मी वाचणार नाही. अश्विनबद्दल जे वाचलं ते परत घेणार आहे, त्याच जागी उभं राहून. तू असावीस असं वाटतं. तुझ्या नावावर जे माझ्यामुळे बसलं ते तुझ्यासमोर पुसलं जावं.

ये, असं म्हणण्याची माझी जागा राहिलेली नाही. सभा अकराची आहे.

बाबा


सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. सोनम,

काय झालं ते तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी लिहितो.

सत्तरएक माणूस होता. तुझ्या आईसाठी एवढेच. समोर टेबलावर पांढरं कापड, बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, बाजूला तिचा फोटो. तो बालवाडीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला, कारण दुसरा सापडला नाही. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मी नामांना थांबा म्हणालो. साडेअकराला देवजींनी घड्याळाकडे बोट केलं. मी आणखी थांबा म्हणालो. पावणेबाराला मात्र सुरू करावं लागलं.

त्रिशरण पंचशील झालं. नामांनी माइकवर सांगितलं, "आता कालकथित गिरजाबाईंचा जीवन परिचय होईल," आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. हातात कागद नव्हता. बावीस वर्षांत कागदाशिवाय माइकपुढे पहिल्यांदाच गेलो.

मी असं म्हणालो. माझ्या पत्नीची इच्छा होती की तिच्याविषयी मी वाचू नये. ती मी पाळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच जागी मी माझे जावई अश्विन यांचा परिचय वाचला होता. त्यात ते आदर्श पती होते असं म्हटलं होतं. ते खरं नव्हतं. ते माझ्या मुलीला मारत असत. ती दोनदा माझ्याकडे आली आणि मी तिला परत पाठवलं. ते वाक्य काढा असं तिने मला आधी सांगितलं होतं. मी काढलं नाही. ते आज मी परत घेतो.

देवजी खुर्चीतून उठले. "सिताराम, ही जागा हाय का हे बोलायची?"

"वाचलं होतं ते इथेच, दादा."

"बायकोच्या शोकसभेत मेलेल्या पोराची अब्रू काढतोस?"

"माझं वाक्य मी परत घेतलं. बाकी काही बोललो नाही."

"मग आता माझं पन ऐक. उद्यापासून तुला कोन विधीला बोलावतो ते मंडळ बघंल." ते चपला शोधायला लागले, एक सापडेना. कुणीतरी खुर्चीखालून काढून दिली. त्यांच्याबरोबर पंधरा-वीस जण गेले. बाकीचे खाली बघत बसले. माइक घूं घूं करत होता, तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

मग मागून जाई उठली. पदर खोचलेलाच. ती आजवर कधी सभेत बोललेली नाही. माइक न घेता बोलली.

"गिरजा माझी शेजारीन. बालवाडीत चाळीस पोरं होती, सगळ्यांच्या चपला तिला वळखता यायच्या. कोनाची कोनती ते. माझ्याकडं आली की बोलायची, जाई, दार लावून घे, जरा पाय पसरते. तिला हसायला लई यायचं, पन ती माझ्याकडं हसायची. बास. मला जास्ती येत नाय."

तिला हसायला यायचं हे मला नवीन होतं.

नामांनी जलदान केलं. भांड्यातलं पाणी धार धरून ओतताना घरच्यांनी हात लावायचा असतो. माझ्याबरोबर जाई बसली. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. देवजींची बहीण बसायला आली होती, तिला मी नाही म्हणालो.

बोलून झाल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

बाबा


रविवार, ३० नोव्हेंबर

चि. सोनम,

मंडळाचं पत्र आलं. पुढील निर्णय होईपर्यंत मी कोणताही विधी करू नये. ठीक आहे.

अश्विनच्या सभेला चारशे लोक होते आणि तुझ्या आईच्या सभेला सत्तर. म्हणजे बहुतेकांनी जुनं वाक्य ऐकलं आहे आणि मी परत घेतलेलं ऐकलेलं नाही. म्हणून मी घरोघर जायला सुरुवात केली. कोण कोण आलं होतं ते मला बऱ्यापैकी आठवतं. संध्याकाळी दोन-तीन घरं. दारात उभं राहून सांगायचं, त्या दिवशी मी वाचलं ते खोटं होतं, सोनमचा काही दोष नव्हता. काही जण बसा म्हणाले, पाणी दिलं. एकाने देवजींना कळलं तर बरं दिसणार नाही म्हणून दार ओढून घेतलं. बहुतेक जण "बरं, बरं" म्हणाले आणि तुझ्या आईचं वाईट झालं असं म्हणाले. कुणालाच धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. लोक संकोचले असतील असं मी समजलो.

मंगळवारी राजेश्वरीकडे गेलो. ती तुमच्या बाजूच्या खोलीत राहायची, अजून तिथेच आहे. मी नेहमीचं सांगायला लागलो तर तिने मला अर्ध्यावर थांबवलं.

"काका, आम्हाला काय सांगता? आमची भिंत एकच होती. आम्हाला सगळं ऐकू यायचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या चाळीला माहीत होतं. दोनदा तर माझ्याच मिस्टरांनी त्याला धरलं होतं."

"मग त्या दिवशी सभेत कुणीच..."

"आम्ही काय बोलणार? आम्हाला वाटलेलं, तुम्ही वडील आहात, तुम्ही तरी काहीतरी वेगळं वाचाल. तुम्ही ते तसं वाचलंत. बापच असं म्हणतोय म्हटल्यावर आम्ही कशाला मध्ये पडायचं? तुम्ही वाचलंत, आम्ही साधु, साधु म्हटलं."

"आता कुणी विचारलं तर सांगाल?"

"आता कोण विचारणार, काका?" ती म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. गॅसवर दूध होतं, ती बघायला आत गेली.

बुधवारी मी आधी गेलो होतो त्या घरांत परत गेलो. या वेळी सांगितलं नाही, फक्त विचारलं. तुम्हाला माहीत होतं का? अकरा घरं झाली. एका म्हाताऱ्या बाईंनी कानावर नव्हतं असं सांगितलं. बाकी दहा घरांनी हो म्हटलं. कुणी लगेच, कुणी जरा थांबून. त्यानंतर मी जाणं बंद केलं.

मी इतके दिवस समजत होतो की माझ्या वाक्यावर लोकांनी विश्वास ठेवला, तू वाईट ठरलीस, म्हणून तू गेलीस. ते वाक्य पुसलं की झालं, असं मी धरलं होतं. टाइम ऑफिसात चुकीची नोंद लाल शाईने दुरुस्त करतात आणि बाजूला सही करतात, तसं. पण त्या हॉलमध्ये कुणीच विश्वास ठेवला नव्हता. तू पुढे बसली होतीस, मागे चारशे माणसं होती, त्यांना सगळं माहीत होतं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हे तुला तिथे बसून कळलं असणार. मला कळायला पावणेतीन वर्षं लागली.

तू एकटी पडलीस असं मला वाटायचं. तू एकटी नव्हतीस. तुझ्या बाजूने बोलू शकली असती अशी माणसं त्या हॉलमध्ये भरलेली होती. त्यांना गप्प बसवलं ते मी.

उत्तराची अपेक्षा नाही.

बाबा